माणूस असा का वागतो? तंबाखूच्या एका चिमटीवरून मानसशास्त्राचे दृष्टिकोन

रानजाई (धागाकर्ती)

मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. दर वर्षी दृष्टिकोनांचं प्रकरण आलं की मुलं वहीत सहा रकाने आखतात. जैविक, मनोविश्लेषणात्मक, वर्तनवादी, बोधनिक (म्हणजे विचारांकडे बघणारा), मानवतावादी, सामाजिक-सांस्कृतिक. प्रत्येकाखाली दोन नावं आणि एक साल. पाठ होतं, पेपरात उतरतं. मग एखादी मुलगी उठून विचारते, "मॅडम, पण यातलं खरं कुठलं?" मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. म्हणून हा धागा. दृष्टिकोन ओळीने सांगत बसण्याऐवजी एकच वागणं घेऊ आणि प्रत्येकाला विचारू, तुला यातलं काय सांगता येतं?

वागणं आपल्या घराघरातलं आहे. तंबाखू.

आमचे मामा शेतकरी. चहाचा कप खाली ठेवला की हात आपोआप खिशाकडे जातो. डाव्या तळव्यावर तंबाखू, नखावर चुना, उजव्या अंगठ्याने मळणं, मग दोन टाळ्या मारून भुकटी उडवायची आणि चिमूट खालच्या ओठात. बोलणं मध्ये कुठे तुटत नाही. गालात आतून पांढरा चट्टा आलाय, दातांच्या डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितलंय, मामांनी ऐकलंय, त्यांना पटलंही आहे. तरी तळव्यावर तंबाखू येतेच. घरचे म्हणतात, "स्वभावच हट्टी आहे." हट्टी का? तर तंबाखू सोडत नाहीत म्हणून. सोडत का नाहीत? तर हट्टी आहेत म्हणून. आपण दिवसभर एकमेकांच्या वागण्याची अशी गोल गोल कारणं देत असतो, आणि याच गोलातून बाहेर पडायला मानसशास्त्राचे दृष्टिकोन लागतात.

आधी शरीर. निकोटीन मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या ग्राहींवर, म्हणजे ते रसायन पकडणाऱ्या जागांवर, जाऊन बसतं आणि डोपामाइन हे 'बरं वाटलं' सांगणारं रसायन सुटतं. चुन्यामुळे तोंडात अल्कधर्मी वातावरण तयार होतं, त्यामुळे निकोटीन ओठाच्या आतल्या त्वचेतून पटकन रक्तात शिरतं. रसायन माहीत नसलेल्या माणसांनी अनुभवाने हे मिश्रण बरोबर बसवलं. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून रात्रभराच्या झोपेनंतर सकाळची तलफ सगळ्यात जोरात असते. वारंवार खाणाऱ्याच्या मेंदूत या ग्राहींची संख्याही वाढते. कॅनडात १९५४ साली ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत तार बसवली, तेव्हा विशिष्ट जागी विजेचा सौम्य झटका मिळावा म्हणून उंदीर पुन्हा पुन्हा कळ दाबत राहिले. त्यावरून मेंदूत काहीतरी "पुन्हा कर" म्हणणारं आहे हे दिसलं.

पण मामा चहानंतर का खातात? पारावर का, आणि देवळात का नाही? इथे वर्तनवादी पुढे येतात, म्हणजे मनात काय चाललंय यापेक्षा वागणं आणि परिस्थिती यांच्याकडे बघणारे. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हला पचनावरच्या कामासाठी १९०४ साली नोबेल मिळालं. त्याच कामात त्याच्या लक्षात आलं की अन्न तोंडात पडण्याआधीच, अन्नाची नुसती चाहूल लागली तरी कुत्र्याला लाळ सुटते. मामांसाठी चहाचा शेवटचा घोट ही तशीच चाहूल. वर्तनवादी स्किनरचं म्हणणं पुढचं आहे. वागणं त्याच्या परिणामांवर टिकतं. चिमूट ओठात गेली की चिडचिड मिनिटाभरात ओसरते. काहीतरी त्रासदायक दूर होतं म्हणून वागणं पक्कं होतं, याला ऋण प्रबलन म्हणतात. आराम मिनिटाभरात मिळतो, कॅन्सर वीस वर्षांनी होतो. लांबचा परिणाम कितीही भयंकर असला तरी हातातल्या चिमटीवर त्याचा जोर चालत नाही. डॉक्टरांचं बोलणं पटूनही हात का थांबत नाही, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर हेच आहे.

बाकीचे दृष्टिकोन प्रतिसादांत येऊ देत. इथे या विषयातली बरीच मंडळी आहेत.

सह्यवाट

छान विषय. पण फ्रॉइडला बाहेर का ठेवलंत? आम्हाला तर मानसशास्त्र म्हणजे फ्रॉइड एवढंच माहीत.

रानजाई

सह्यवाट, बाहेर ठेवलं नाही, पण त्याच्याबद्दल नीट बोलायला हवं.

फ्रॉइड हा मनोविश्लेषणाचा जनक, आणि तंबाखूवर त्याचं उत्तर तयार आहे. बाळाचं सगळं सुख पहिल्या वर्षात तोंडाशी असतं. त्या अवस्थेत काही अडकून राहिलं तर मोठेपणी माणूस ते सुख तोंडातच शोधतो. ऐकायला पटतं. पण बाळपणी दूध जास्त मिळालं तरी अडकतो आणि कमी मिळालं तरी अडकतो, असं म्हटलं की कुठलाही पुरावा त्याच्या विरोधात जाऊच शकत नाही. असं विधान तपासता येत नाही. मौखिक अवस्थेतून व्यसन समजावणं मी वर्गात इतिहास म्हणून शिकवते, स्पष्टीकरण म्हणून नाही.

फ्रॉइड स्वतः मात्र या धाग्यात यायलाच हवा. तो अट्टल सिगारवाला. १९२३ साली त्याच्या जबड्यात कॅन्सर सापडला. पुढच्या सोळा वर्षांत तीसहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या, तोंडात कृत्रिम टाळू बसवावा लागला, बोलणं-खाणं अवघड झालं. सिगार सुटली नाही. १९३९ साली लंडनमध्ये तो गेला. माणसाच्या मनातलं त्याच्या स्वतःपासूनच लपलेलं असतं, हे ज्याने जगाला सांगितलं त्याला ते कळूनही सिगार खाली ठेवता आली नाही. कारण समजलं की वागणं सुटतं, ही आशा मनोविश्लेषणाच्या मुळाशी होती, आणि व्यसनात ती फार तोकडी पडते.

त्याचं टिकलेलं काय, तर संरक्षण यंत्रणा, म्हणजे नकोसं सत्य स्वतःपासून दडवण्याच्या मनाच्या युक्त्या. त्यांची नीट मांडणी त्याच्या मुलीने, ॲना फ्रॉइडने, १९३६ साली केली. चट्टा दिसत असून "ते दात घासताना लागलंय" म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ती खोटं बोलत नसतात. भारतात हा विचार लवकर पोचला होता. कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच मनोविश्लेषणाची संस्था काढली. त्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता आणि ते त्याच्याशी वादही घालत.

कडूलिंब

रानजाईताई, बाकीचं सगळं वरवरचं आहे असं माझं स्पष्ट मत. शेवटी सगळं मेंदूतच घडतं. २००७ साली अमेरिकेत नक्वी, बेशारा वगैरे मंडळींचा अभ्यास आला. मेंदूला इजा झालेल्या सिगारेट ओढणाऱ्यांना त्यांनी तपासलं. ज्यांच्या इन्सुला नावाच्या भागाला इजा झाली होती, त्यातल्या बऱ्याच जणांची सिगारेट सहज सुटली, पुन्हा ओढावीशीही वाटेना. एक रुग्ण तर म्हणाला की माझं शरीर तलफच विसरून गेलं. ज्याची सिगारेट कोणी समुपदेशकाने सोडवली नाही, विचारांनी नाही, संस्कृतीने नाही, त्याची ती मेंदूच्या एका भागाच्या इजेने सुटली. याहून मोठा पुरावा काय हवा?

तिठा

कडूलिंब, तो अभ्यास खरोखर जबरदस्त आहे, दुमत नाही. पण त्यातून तलफेचा अनुभव उभा राहायला मेंदूचा कुठला भाग लागतो एवढंच कळतं. तलफ नेमकी पारावर का येते, ते कळत नाही.

त्याच्या बरोबरीने हे दोन पुरावे ठेवा. एक, निकोटीन काढून टाकलेली सिगारेट ओढायला दिली तरी तलफ काही वेळ ओसरते, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. निकोटीन शरीरात जवळजवळ गेलंच नाही, मग तलफ ओसरली कशाने? धूर, हाताची हालचाल, ओठांचा स्पर्श यांनी तेवढं काम केलं. दोन, शेपर्ड सीगलचा १९८२ चा उंदरांवरचा प्रयोग. हेरॉईनची सवय झालेल्या उंदरांना एकच मोठा डोस दिला. काहींना नेहमीच्या खोलीत, काहींना नव्या ठिकाणी. नव्या ठिकाणी दगावणाऱ्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट. नेहमीची जागा दिसली की शरीर आधीच प्रतिकाराची तयारी करतं. नवी जागा तो इशारा देत नाही. उंदीर तोच, डोस तोच, मेंदू तोच, आणि जगणं-मरणं खोलीवर ठरलं.

ही तयारी मेंदूतच होते, हे मान्य. पण ती समजायला आधी खोलीकडे बघावं लागतं.

चांदणवेल

सगळे पुरुषांच्या तंबाखूवर बोलताय. मी मिश्रीवर लिहिते.

आमच्याकडं म्हातारी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी परड्यात बसून बोटानं दातांना लावायची. आजीशेजारी आई, आईशेजारी आम्ही. कुणी आम्हाला "हे घे" म्हणालं नाही. आम्ही बघत होतो. तंबाखू खाणारी बाई म्हटलं तर गावात नाव ठेवतील, पण मिश्री म्हणजे दात घासणं, त्यात कसली लाज! म्हणून ती लेकीकडून लेकीच्या लेकीकडं गेली. आरोग्य सेविका आमच्या जावेला विचारायची, "तंबाखू खाता का?" जाऊ "नाही" म्हणायची. तिच्या मते ते खरंच होतं.

मानसशास्त्रज्ञ बंडुराचा १९६१ चा बाहुलीचा प्रयोग मला डीएडला होता. मोठ्यांनी रबरी बाहुलीला बदडलेलं बघून मुलांनी तसंच केलं, बक्षीस नाही, शिक्षा नाही, नुसतं बघून. शिकवणारे मारामारीपुरतंच सांगायचे. मला मात्र तेव्हा आमचं परडं दिसलं.

आणि तंबाखू मागणं ही ओळख काढायची रीत असते, हे विसरू नका. अनोळखी माणूस बांधावर येऊन "आहे का तंबाखू?" म्हणतो, दोघं खाली बसतात, मग पाऊसपाण्याचं बोलणं. ती सोडायची तर नुसता पदार्थ सुटत नाही, ते बसणं सुटतं.

रानजाई

चांदणवेल, या प्रतिसादासाठी मनापासून आभार. वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी असावी.

तुमच्या शेवटच्या मुद्द्याला इतिहासातलं एक मोठं उदाहरण आहे. व्हिएतनाम युद्धात सुमारे पाचातला एक अमेरिकन सैनिक हेरॉईनच्या विळख्यात होता. हे व्यसनी मायदेशी येणार म्हणून सरकार हादरलं. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी १९७१ पासून परतलेल्यांचा माग काढला. पहिल्या वर्षात त्यातले साधारण ५ टक्केच पुन्हा व्यसनात अडकले होते. ती छावणी, ते सोबती, ती भीती, सगळं मागे राहिलं होतं.

पैलतीर

मी गेली बरीच वर्षं अमेरिकेत आहे, म्हणून "स्वभावच तसा" या वाक्याबद्दल थोडं.

वागण्याचं कारण माणसाच्या आत शोधायचं की परिस्थितीत, हेच मुळी संस्कृतीप्रमाणे बदलतं. जोन मिलर यांचा १९८४ चा अभ्यास मैसूरमधल्या हिंदूंवर आणि अमेरिकनांवर आहे. ओळखीच्या माणसांची चांगली-वाईट कृत्यं सांगा आणि कारण द्या, असा प्रश्न. त्यातला एक प्रसंग फार गाजला. एक वकील मोटारसायकलवरून कोर्टात निघालेला. टायर फुटला, मागे बसलेला माणूस पडून डोक्याला मार लागला. वकिलाने त्याला दवाखान्यात पोचवलं आणि डॉक्टरांशी फारसं न बोलता कोर्टात निघून गेला. माणूस पुढे दगावला. अमेरिकन लोक म्हणाले, बेजबाबदार, स्वतःपुरतं पाहणारा माणूस. भारतीय म्हणाले, कोर्टात हजर राहणं त्याचं कर्तव्य होतं, तो घाबरलेला असेल, जखम एवढी गंभीर वाटली नसेल. आणि आठ वर्षांच्या मुलांमध्ये हा फरक जवळपास नव्हताच. वयाबरोबर तो वाढत गेला, म्हणजे कारणं द्यायलाही आपण शिकतो.

त्यामुळे रानजाईंचे घरचे "स्वभाव" म्हणतात याचं मला थोडं नवल वाटलं. आपण परक्या माणसाला परिस्थितीची सूट देतो आणि घरच्याला देत नाही, असं तर नाही? हे कोणी तपासलेलं नाही, माझा अंदाज आहे.

आणखी एक. हेन्रिक, हाइने, नोरेन्झायान यांनी २०१० साली दाखवून दिलं की मानसशास्त्राचे बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, श्रीमंत देशांतल्या माणसांवरून काढलेत, त्यातही बरेचसे अमेरिकन विद्यार्थ्यांवरून. पाठ्यपुस्तकात 'सामाजिक-सांस्कृतिक' हा शेवटचा रकाना असतो. खरं तर तो प्रश्न बाकीच्या पाचही रकान्यांना विचारायचा आहे.

ओळंबा

बोधनिक दृष्टिकोन राहिला, तो मी घेतो. इथे तंबाखूचं उदाहरण अगदी चपखल आहे, कारण लिऑन फेस्टिंजरने १९५७ साली बोधनिक विसंगतीचा सिद्धांत मांडताना सिगारेट ओढणाऱ्याचंच उदाहरण दिलं होतं. "हे घातक आहे" आणि "मी रोज करतो" या दोन गोष्टी मनात शेजारी राहिल्या की टोचतात. वागणं बदलणं अवघड, मग माणूस विचार बदलतो. आपल्याकडची यादी सगळ्यांना पाठ असेल. आमचे आजोबा नव्वद वर्षं जगले. खाल्ल्याशिवाय पोट साफ होत नाही. न खाणाऱ्यांनाही कॅन्सर होतोच की. यातलं एकही वाक्य अज्ञानातून येत नाही, म्हणून नुसती माहिती देऊन ती खोडता येत नाहीत. पाकिटावर ८५ टक्के जागेत सडलेल्या जबड्याचं चित्र असतं आणि माणूस पाकीट उलटं ठेवायला शिकतो.

या सिद्धांताची ठिणगी कुठे पडली हे फार कमी जणांना माहीत आहे. १५ जानेवारी १९३४ चा बिहारचा भूकंप. त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञाने गोळा केल्या. धक्का जोराचा बसला पण पडझड झाली नाही अशा भागातल्या अफवा अभय देणाऱ्या असतील असं आपल्याला वाटेल. झालं उलटं. वादळ येणार, ग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप होणार. फेस्टिंजर यावर अडला. संकट टळलेली माणसं स्वतःला आणखी घाबरवतील कशाला? मग त्याला सुचलं की भीती आधीच मनात होती, आजूबाजूला तिचं कारण दिसत नव्हतं, तेव्हा त्या भीतीला शोभेल असं कारण माणसांनी तयार केलं. आधी भावना किंवा वागणं, मागून कारण. एका भारतीयाने केलेल्या नोंदींतून जगातला एवढा मोठा सिद्धांत उभा राहिला, आणि आपल्या पुस्तकांत जमुना प्रसादांचं नाव नाही. मला हे खरोखर लागतं.

मधुघट

मी व्यसनमुक्तीत समुपदेशक आहे. मानवतावादी रकान्यात मॅस्लोचा गरजांचा पिरॅमिड सगळे काढतात (तो पिरॅमिड मॅस्लोने स्वतः काढलेला नाही), पण माझ्या रोजच्या कामात कार्ल रॉजर्स आहे, समोरच्याला न जोखता ऐकून घ्या म्हणणारा मानसशास्त्रज्ञ.

समोर बसलेल्या माणसाला सगळ्यांनी सगळं सांगून झालेलं असतं. बायकोने, मुलीने, डॉक्टरांनी. मीही तेच सांगितलं तर तो शांतपणे "बरोबर आहे साहेब" म्हणतो आणि जिन्यातच बार भरतो. त्याच्या मनात दोन्ही बाजू असतात, सोडायचीही आणि खायचीही. मी "सोडा"ची बाजू लावून धरली की त्याच्या वाट्याला "खातो"ची बाजू उरते, आणि ती तो माझ्यासमोर मोठ्याने मांडत जातो. विल्यम मिलर यांनी १९८३ साली दारूच्या रुग्णांसोबतच्या कामातून जी मुलाखतीची पद्धत पुढे आणली ती रॉजर्सच्याच मुशीतली. मी विचारतो, "तंबाखूत तुम्हाला चांगलं काय वाटतं?" माणूस चमकतो. असं त्याला कधी कुणी विचारलेलं नसतं. सांगतो, दुपारी कामावर झोप येत नाही, चार माणसं जवळ बसतात. आणि मग स्वतःहून म्हणतो, "पण नातू जवळ येत नाही आता, वास येतो म्हणतो." हे वाक्य त्याच्या तोंडून यावं लागतं.

पुण्यात १९८६ पासून चाललेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर आलेली माणसंच नव्या रुग्णांना सांभाळतात. तिथे रॉजर्सचा विनाअट स्वीकार आणि बंडुराचा समोरचा आदर्श एकाच माणसात भेटतात. आणि मुंबईच्या किशोर फडके यांनी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाचा विचार मराठीत आणला (त्रास प्रसंगापेक्षा आपण स्वतःशी काय म्हणतो त्याने होतो), त्याचाही आम्हाला रोज उपयोग होतो. "तलफ आली" यात फारसं बिघडत नाही. "तलफ मला सहन होणारच नाही" या वाक्यावर काम करावं लागतं, कारण तलफ काही मिनिटांत चढते आणि ओसरते.

सह्यवाट

मग त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर काय? यातलं खरं कुठलं?

रानजाई

सह्यवाट, मी वर्गात निको टिनबर्गन या शास्त्रज्ञाकडे जाते. प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी त्याला १९७३ साली नोबेल मिळालं. १९६३ साली त्याने म्हटलं की "प्राणी असा का वागतो" हा दिसतो एक, पण असतात चार प्रश्न. आत्ता या क्षणी हे कशामुळे घडतंय? याच्या आयुष्यात हे कसं आलं? याचा जगण्याला उपयोग काय? आणि जातीच्या इतिहासात हे कुठून आलं? कडूलिंब पहिल्याचं उत्तर देत होते, चांदणवेल दुसऱ्याचं, म्हणून वाद मिटत नव्हता. शेवटच्या दोन प्रश्नांवर तंबाखू फार बोलकी आहे. निकोटीन हे झाडाने कीटकांपासून बचावासाठी केलेलं विष. तंबाखू अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर इकडे आली, आणि अकबराचा सरदार असद बेगने ती विजापूरहून अकबराच्या दरबारात नेली त्याला जेमतेम चार शतकं झाली. एवढ्यात मेंदूची जडणघडण बदलत नाही. अन्न-पाण्याच्या ओढीसाठी घडलेली जुनी यंत्रणा या नव्या पाहुण्याने ताब्यात घेतली.

पण "सगळेच आपापल्या जागी बरोबर" असं मी मुलांना सांगत नाही. प्रश्न वेगळे असले तरी उत्तरं तपासावी लागतात. मौखिक अवस्था तपासणीत टिकली नाही. डझनभर निरोगी बाळं द्या, त्यातल्या कुणालाही हवं ते बनवून दाखवतो, हा वर्तनवादी वॉटसनचा दावाही टिकला नाही. खोलीचा प्रयोग टिकला, इन्सुलाचा अभ्यास विचारात घ्यावाच लागतो. मुलांनी रकान्यांत सहावं नाव लिहिण्यापेक्षा "हे चूक ठरवायला काय दिसावं लागेल?" असं लिहावं, अशी माझी इच्छा आहे.

पाऊलवाट

सगळा धागा वाचला. मधुघट, वडिलांनी दोनदा सोडली, दोन्ही वेळा लग्नकार्यात एक चिमूट घेतली आणि पुन्हा सुरू. आता म्हणतात, "माझ्याच्यानं होत नाही." काय करू?

मधुघट

पाऊलवाट, वडिलांना आधी हे सांगा की चिमटीमुळे पुन्हा सुरू झाली नाही. ॲलन मार्लट या मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली हे नीट उकलून दाखवलं. एकदा घसरला की माणूस म्हणतो, "मोडलंच आता, मी असाच." चिमटीनंतरचं हे वाक्य त्याला पूर्ण मागे नेतं. त्या वाक्याच्या जागी "लग्नात चुलते शेजारी बसले होते, म्हणून झालं" हे वाक्य यायला हवं. मग पुढच्या लग्नात कुठे बसायचं हे ठरवता येतं.

बाकी क्रम असा ठेवा. चुन्याची डबी आणि पुडी घरातून बाहेर. चहानंतर लगेच उठून काहीतरी हाताला काम, बडीशेप-लवंग चालेल, सुपारी नको. निकोटीनचं च्युइंगम डॉक्टरांना विचारून सुरू करा, पहिले काही आठवडे शरीराची ओढ त्याने सुसह्य होते. पारावरच्या एका तरी मित्राला सांगून ठेवा की यांना देऊ नका. आणि घरात कुणी खिसे तपासायचे नाहीत.

तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी मोफत फोनसेवा (क्विटलाइन) आहे, १८००-११२-३५६. वडिलांनी स्वतः फोन लावावा, तुम्ही त्यांच्या वतीने लावू नका. तोंडात चट्टा किंवा तोंड कमी उघडणं, यातलं काही असेल तर सोडण्याची वाट न बघता या आठवड्यातच दाखवून घ्या.